बेचाळीस जणांना पिझ्झे किती, दोनशे जणांना भात किती?

परीक्षा संपल्या त्या आठवड्यातली गोष्ट. बोईसरच्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथली मोठी पोरं संध्याकाळी आमच्याकडे आली. "ताई, वर्गणी जमली. पाच हजार. रविवारी सगळ्यांना पिझ्झा."

"किती मागवणार?"

"बेचाळीस जण आहोत. बेचाळीस पिझ्झे. छोटेवाले."

छोटा पिझ्झा त्या दुकानात १५० रुपयांना होता. बेचाळीसचे ६,३०० होतात. पोरांच्या लक्षात आलं तेव्हा एकजण म्हणाला, "मग तीस मागवू, पुरवून घेऊ." दुसरा म्हणाला, "नको, कमी पडलं तर लहान पोरं रडतील. आणखी वर्गणी काढू."

आम्हाला हसू आलं, पण लगेच दोन वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा आठवली. "पुरवून घेऊ" आणि "कमी पडायला नको" ही दोन्ही वाक्यं आम्ही तेव्हा बोललो होतो. त्याची किंमत कोणी मोजली ते आधी सांगतो, मग पिझ्झ्याचा हिशोब.

एका वर्षी कमी, एका वर्षी जास्त

त्याच्या आदल्या वर्षी पौर्णिमेच्या भोजनदानात खिचडी कमी पडली. पाहुण्यांना पुरली, मुलांना पुरली, उशिरा कंपनीतून सुटून आलेल्या माणसांनाही पुरली. ज्या बारा बाया दुपारपासून चुलीपुढे होत्या, त्यांना मात्र तळाची खरवड मिळाली. दोघी तर चहा पिऊन घरी गेल्या. कोणी तक्रार केली नाही. आपल्याकडे बाई उपाशी राहिली तर त्याला कमी पडणं म्हणतच नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याची कारणं पुष्कळ आहेत. सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि उरलंसुरलं खायचं, ही सवय त्यातली एक आहे.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही ठरवलं, कमी पडू द्यायचं नाही. दानात तांदळाची २५ किलोची दोन पोती आली होती. दोन्ही शिजवली. माणसं दोनशेच्या आसपास आली. रात्री दहा वाजता दोन मोठी पातेली मसालेभात शिल्लक होता. अन्न टाकायचं कसं? आम्ही स्वतःच्या हातांनी त्यावर झाकणं लावली आणि पातेली विहारात ठेवली. सकाळी सातला पुन्हा फोडणी घालून, चांगला गरम करून तो मुलांना वाटला. दहा वाजायच्या आत पहिलं पोर ओकलं. दुपारपर्यंत नऊ मुलं आजारी होती. त्यातल्या चार वर्षांच्या एका मुलीला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. सगळी बरी झाली. पण आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली, वॉर्डात वर्षं काढलेली माणसं, आणि झाकण लावणारा हात आमचाच होता.

डॉक्टरांनी अन्नातून झालेली विषबाधा म्हणून उपचार केले. भाताचा नमुना तपासायला कोणी ठेवला नव्हता, त्यामुळे नेमका जंतू कोणता ते कळलं नाही. पण शिळ्या भातातून असा आजार कसा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. बॅसिलस सिरियस नावाचा जंतू मातीतून तांदळावर येतो. त्याची बीजं भात शिजवतानाच्या उकळीतही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे सकाळच्या कडक फोडणीने आमची समजूत निघाली, पण विष जागच्या जागी राहिलं.

कमी पडलं तर बाया उपाशी राहतात आणि जास्त झालं तर पोरं आजारी पडतात. म्हणून किती मागवायचं, किती शिजवायचं, हा आरोग्याच्या पानावरचाच प्रश्न आहे.

पिझ्झ्याचा हिशोब फळ्यावर

पोरांना आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यापुढे बसवलं. दुकानात तीन मापं होती: ७ इंची, १० इंची आणि १२ इंची. ही मापं पिझ्झ्याच्या आरपारची, म्हणजे व्यासाची. पोरांना वाटलं, १२ इंची म्हणजे ७ इंचीच्या पावणेदोनपट. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर असतं."

बरोबर बोलली. पोट भरतं ते क्षेत्रफळाने. पाय घ्यायचीही गरज नाही, नुसता व्यासाला व्यासाने गुणा:

७ × ७ = ४९
१० × १० = १००
१२ × १२ = १४४

म्हणजे १० इंची एक पिझ्झा हा ७ इंचीच्या दोन पिझ्झ्यांएवढा, आणि १२ इंची एक हा जवळजवळ तीन छोट्यांएवढा. आता भाव बघा. छोटा १५०, मधला ३००, मोठा ४००. किमतीला त्या आकड्याने भागलं की छोटा पडतो ३.०६, मधला ३, मोठा २.७८. त्या दिवशी मोठा स्वस्त होता.

पण मोठा नेहमीच स्वस्त असतो असं धरू नका. दुकानवाले कधी दोन छोटे मिळून २५० ला देतात. तेव्हा २५० भागिले ९८ म्हणजे २.५५, आणि छोटाच परवडतो. तुकडे मोजून तर कधीच फसू नका. छोट्याचे चार तुकडे, मधल्याचे सहा, मोठ्याचे आठ करतात, पण छोट्याचा एक तुकडा मोठ्याच्या तुकड्याच्या दोन तृतीयांशच भरतो.

आता माणसं. बेचाळीस हा एक आकडा नाही, त्यात वेगवेगळी पोटं आहेत. पाचवीपर्यंतची मुलं २४, त्यापुढची १२, आणि आम्ही मोठी माणसं ६. नुसता पिझ्झाच जेवण म्हणून द्यायचा तर मोठ्या पिझ्झ्याचे लहान मुलाला २ तुकडे, मोठ्या मुलाला आणि माणसाला ३. म्हणजे ४८ अधिक ३६ अधिक १८, एकूण १०२ तुकडे. भागिले ८, म्हणजे १३ पिझ्झे. ५,२०० रुपये. वर्गणीपेक्षा दोनशे जास्त.

तेव्हा त्या आठवीच्या मुलीनेच विचारलं, "सोबत दुसरं काही ठेवलं तर?"

सोबत उकडलेले हरभरे ठेवायचे ठरले, कांदा, टोमॅटो, लिंबू घालून. शिवाय काकडी आणि कलिंगड. मग मोठ्या मुलांना २ तुकडे आणि आम्हाला १ पुरे. ४८ अधिक २४ अधिक ६, एकूण ७८. भागिले ८, पावणेदहा. इथे नेहमी वरचा पूर्ण आकडा घ्यायचा: १० पिझ्झे, ४,००० रुपये. उरलेल्या हजारात दोन किलो हरभरे, काकडी, कलिंगडं आणि लिंबं सहज आली. बेचाळीस जणांना दोन किलो कोरडे हरभरे बास होतात. रात्रभर भिजले की ते दुप्पट होतात.

शाकाहारी आणि चिकनचे वेगळे मोजले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाकाहारी पिझ्झा सगळेच उचलतात, चिकनचा मात्र शाकाहारी माणूस उचलत नाही. त्यामुळे शाकाहारी आधी संपतो. आम्ही शाकाहारी ६ आणि चिकनचे ४ घेतले आणि शाकाहारी मुलांना आधी वाढलं. दूध न पचणारं एक पोर होतं, त्याला हरभरे आणि कलिंगड जास्त दिलं. कार्यक्रम पौर्णिमेचा असता, तर अष्टशील पाळणारी वडीलधारी माणसं संध्याकाळच्या आकड्यातून वगळावी लागली असती, कारण ती दुपारी बारानंतर जेवत नाहीत.

आमच्या गल्लीपर्यंत घरपोच देणारा मुलगा येत नाही, फाट्यावरूनच फोन करतो. तेवढ्यात पिझ्झा गार होतो. म्हणून दोन पोरं मोटारसायकलवर जाऊन घेऊन आली. पाच वीसला पिझ्झे आले, सव्वासहाला जेवणं आटोपली. तीन मुलं आली नाहीत, त्यामुळे आठ तुकडे राहिले. ते उद्यासाठी न ठेवता समोरच्या घरातल्या रात्रपाळीला निघालेल्या चौघांना तिथेच दिले.

पिझ्झा खाऊ नका, असं आम्ही सांगणार नाही

आपण काय खावं यावर उपदेश करणारे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भेटले आहेत. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा मंडपातलं त्यांचं जेवणही मातीत मिसळलं गेलं. त्यामुळे एका पंगतीत बसून पोटभर खाणं आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनी वर्गणी काढून पिझ्झा खाल्ला तर आम्हाला आनंदच आहे.

फक्त माप असावं. पिझ्झ्याच्या पिठात मीठ, सॉसमध्ये मीठ, चीजमध्ये मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमच्याहून कमी मीठ खावं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी एका तुकड्यावर थांबावं. साखरेचा त्रास असलेल्यांनी आधी हरभरे आणि काकडी खावी, मग पिझ्झा. आणि सोबत रंगीत गोड पेयाची बाटली नको. त्या पैशात लिंबाचं पाणी सगळ्यांना होतं.

कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट त्रिपिटकात आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवण बंद करायला सांगितलं नाही. भान ठेवून, माप ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने जवळच्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवताना रोज ऐकली. हळूहळू तो एका नळीभर भातावर आला आणि त्याचं अंग हलकं झालं. यातला "हळूहळू" हा शब्द आम्हाला नर्स म्हणून फार पटतो. म्हणून पंगतीत आधी दोनच तुकडे वाढा. मागेल त्याला पुन्हा द्या.

दोनशे जणांचा भात

आता विहाराचं पातेलं. इथे आम्ही अंदाज सोडला आणि शाळेच्या खिचडीचं सरकारी माप धरलं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असते. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. ही सगळी वजनं कच्च्या मालाची. सहावीच्या पुढच्या सगळ्यांना, मोठ्या माणसांनाही, आम्ही १५० चंच माप लावतो. पाच वर्षांखालच्यांना ५० ग्रॅम तांदूळ.

समजा पाच वर्षांखालची ३०, पाचवीपर्यंतची ५० आणि बाकी १२०.

तांदूळ: दीड किलो, ५ किलो आणि १८ किलो, एकूण साडेचोवीस किलो.
डाळ: सुमारे ५ किलो.
भाजी: सुमारे सव्वाबारा किलो.

त्यावर दहा टक्के जास्त धरा, कारण कंपनीतून थेट आलेला माणूस दोनदा घेतो. म्हणजे २७ किलो तांदूळ. दोन वर्षांपूर्वी आम्ही ५० किलो शिजवला होता. दुसरं पोतं उघडून त्यातले दोन किलो काढले असते तरी भागलं असतं.

माणसं किती येतील हे गल्लीगल्लीत विचारल्याशिवाय कळत नाही. चार दिवस आधी दोन मुली वही घेऊन घरोघर जातात आणि तीनच प्रश्न विचारतात: किती जण येणार, त्यात लहान किती, पाळी कोणती. तारापूर एमआयडीसीत पाळ्या चालतात, त्यामुळे अर्धी वस्ती एका वेळी घरी नसते. पालघर किंवा विरारकडून गाडीने येणारे पाहुणे वेगळे लिहायचे.

एवढं करूनही आकडा चुकतो. म्हणून सगळा भात एकदम शिजवायचा नाही. आधी १८ किलो. उरलेला ९ किलो निवडून, मोजून, कोरडा बाजूला ठेवायचा. डाळ आणि चिरलेली भाजीही तशीच वेगळी. रांग बघून दुसरा हंडा चढवायचा. रांग संपली तर कोरडा तांदूळ पुन्हा पोत्यात जातो. तांदूळ कोरडा असेपर्यंत ते जंतू वाढत नाहीत.

आणि पहिली बारा ताटं स्वयंपाक करणाऱ्या बायांची. पाहुण्यांना वाढायच्या आधी ती वाढून, झाकून ठेवायची नाहीत. त्यांना तिथेच आळीपाळीने बसवून जेवू घालायचं. ताटात लिंबाची फोड असू द्या, तिने डाळभाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने ते कमी लागतं.

उरलंच तर

शिजलेलं अन्न ५ अंशांपेक्षा थंड किंवा ६० अंशांपेक्षा गरम असावं. मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एकच तास धरा. हे भाताला लागू, पिझ्झ्यालाही लागू.

उरलेला भात त्याच तासात घरोघर वाटून टाका. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी तो पसरट परातीत पातळ पसरून निवू द्यावा आणि लगेच आत ठेवावा. खोल पातेल्याच्या मधला भात कित्येक तास कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. फ्रिज नसेल तर रात्रीच खाऊन टाका. सकाळी बाहेर राहिलेला भात फोडणीला टाकू नका, विशेषतः लहान मुलांसाठी.

वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. हाताला चिघळलेली जखम किंवा फोड असलेल्याने वाढू नये. त्यातूनही अन्नात असा जंतू जातो ज्याचं विष गरम करून मरत नाही. टँकरचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून मगच प्यायला ठेवा.

मूल ओकायला लागलं तर

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदमच सोडा, थोडं थोडं नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब असतील तर आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या, त्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, पाणीही पोटात ठरेना, शौचात रक्त दिसलं, की घरी थांबू नका. १०८ ला फोन लावा. सोबत काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, आणखी कोण आजारी आहे हे कागदावर लिहून न्या. उरलेलं अन्न थोडं वेगळं झाकून ठेवा, तपासायला उपयोगी पडतं. आम्ही त्या सकाळी ते फेकून दिलं होतं.

येत्या पौर्णिमेची वही अभ्यासिकेतल्या त्या आठवीच्या मुलीकडे दिली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिलंय: "स्वयंपाकाच्या मावश्या १२." बाकीची माणसं ती दुसऱ्या पानापासून मोजणार आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.